घंटा गेल्या, साक्ष राहिली

माझे आजोळ वाईजवळचे. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आम्ही मामेभावंडे कृष्णेच्या काठाकाठाने मेणवलीपर्यंत चालत जात असू. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागचा तो सुबक घाट, आणि घाटावरच्या छोट्याशा देवळीत टांगलेली ती भली थोरली घंटा, हे आमचे ठरलेले मुक्कामाचे ठिकाण. आजोबा बरोबर असले की हटकून सांगत, “ही वसईची घंटा बरं का! चिमाजी अप्पांनी फिरंग्यांचा कोट घेतला, त्याची ही खूण.” आम्ही मोठ्या अभिमानाने तिच्या थंडगार अंगावरून हात फिरवत असू. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे, आणि मूल घेतलेल्या एका बाईची आकृती आहे. ही बाई कोण, हे विचारण्याचे आम्हाला कधी सुचले नाही. गावातली कोणीही बाई मूल कडेवर घेऊन उभी असतेच; तशीच ही एक, असे वाटत असावे.

पुढे नशिबाने मला मास्तरकीसाठी नेमके वसईलाच नेऊन टाकले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कथा-कादंबऱ्या लिहिण्याचा नाद आहे, पण इतिहासाचा पंडित मी नव्हे. तरीही शाळेत इतिहास माझ्याकडेच आला, आणि १७३९ सालचा वसईचा विजय शिकवण्याची वेळ आली तेव्हा मला स्फुरणच चढले. अणजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांना घातलेले साकडे, फिरंग्यांचा जुलूम, पाडलेली देवळे, १७३७ पासून दोन वर्षे चाललेली मोहीम, सुरुंगांनी उडवलेला बुरूज, आणि शेवटी मे महिन्यात किल्ल्यावर चढलेले भगवे निशाण. मी फळ्यावर किल्ला काढला, खडूची धूळ उडवली, आवाज चढवला. पोरे कान टवकारून ऐकत होती. शेवटी मी म्हणालो, “तर मुलांनो, असे आपण जिंकलो!”

वर्गात निम्म्याहून अधिक मुले लोपीस, घोन्साल्विस, तुस्कानो, आल्मेडा अशा आडनावांची. त्यांतली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, हळूच उभी राहिली. “गुरुजी,” ती म्हणाली, “मग त्या दिवशी आमचे खापरपणजोबा जिंकले का हरले?”

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी काहीतरी बोललो, तास संपल्याची घंटा झाली आणि सुटलो. पण तो प्रश्न काही सुटला नाही. घरी आल्यावर भाकरीचा घास घशाखाली उतरेना. दहा-बारा वर्षांच्या पोरीला मी तिच्याच गावात, तिच्याच बाकावर परकी करून ठेवले होते. दिवाळीच्या अंकात ईस्टरची हकीकत कशाला, असे कोणी विचारील; तर त्याचे कारण हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला मला एक वर्ष लागले, आणि ते मिळाले ईस्टरच्या रात्री.

आधी मी पुस्तकांकडे वळलो. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढची दोनशे वर्षे येथे त्यांचा अंमल चालला. त्यांच्या आश्रयाने येथे ख्रिस्ती धर्म पसरला. त्यात काही ठिकाणी खरी ओढ असेल, काही ठिकाणी लाभ, आणि काही ठिकाणी सक्तीही होती; ती झाकण्यात अर्थ नाही. ज्या धर्माच्या पाठीशी तोफ उभी असते, त्या धर्मावर लोकांची श्रद्धा किती आणि तोफेची भीती किती, हे तोफ असेपर्यंत कळायचे कसे?

१७३९ साली ती तोफ गेली. मला वाटते, या गावांच्या श्रद्धेची खरी परीक्षा त्या वर्षी सुरू झाली.

किल्ला शरण आला तेव्हाच्या तहात, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता येईल असे कलम होते. ते मान्य करणे चिमाजी अप्पांच्या थोरपणाला साजेसेच झाले. पण वर्गात मी तेवढेच नेमके गाळले होते! पोर्तुगीज अंमलदार गेले. त्यांच्याबरोबर किल्ल्यातले मठ ओस पडले. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, अशा सगळ्या पंथांच्या इमारतींचे सांगाडे आज तेथे उभे आहेत, आणि त्यांच्या कमानींतून वडाची मुळे लोंबतात. देवळांवरच्या घंटा उतरल्या आणि हत्तींच्या, बैलांच्या बळावर घाट चढून गेल्या. एक मेणवलीला, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकराला, अशा त्या सह्याद्रीच्या पलीकडे जाऊन आपल्या देवांपुढे वाजू लागल्या.

आणि खेड्यांतली माणसे? ती येथेच राहिली. केळीची बाग काही खांद्यावर टाकून नेता येत नाही. नंदाखाल, निर्मळ, आगाशी, सांडोर, पापडी, माणिकपूर येथल्या बागाईतदारांना, कोळ्यांना जहाजात जागा नव्हती, आणि ती त्यांनी मागितलीही नसावी. आता त्यांच्यावर राज्य करणारा त्यांच्या धर्माचा नव्हता. ख्रिस्ती राहण्यात लाभ उरला नव्हता. गोव्याहून येणाऱ्या आपल्याच देशातल्या धर्मगुरूंच्या आधाराने ही गावे आपला धर्म सांभाळून राहिली. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या भोवतीचा गावांचा परिवार, हा शब्द मला तेव्हा कुठे खऱ्या अर्थाने कळला. राजा जातो, मठ ओस पडतो. पण जन्मलेल्या पोराला पाण्याने स्नानसंस्कार देणारे, मेलेल्याला मातीपर्यंत पोचवणारे आणि रविवारी एकत्र बसणारे चार शेजारी राहतात. तेच धर्मग्राम.

येथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला ‘कुपारी’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोम्पाद्रे’वरून आला, असे जाणकार मानतात. कोम्पाद्रे म्हणजे लेकराच्या स्नानसंस्काराच्या वेळी त्याच्यासाठी उभा राहणारा धर्मपिता आणि लेकराचा बाप, यांचे आपसातले नाते. शब्दाची ही व्युत्पत्ती खरी असेल तर मोठी गोड आहे. एका समाजाने आपले नावच मुळी साक्षीदाराच्या नात्यावरून घेतले!

साक्षीदार हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. ख्रिस्ती धर्माची सगळी इमारत एका साक्षीवर उभी आहे. क्रुसावर खिळून मारलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ही ती साक्ष. ती प्रथम कोणी दिली, हे शुभवर्तमानात वाचले तेव्हा मी चकित झालो. पहाटेच्या अंधारात कबरेकडे गेल्या त्या बायका. मग्दालिया गावच्या मरियेने समोर उभ्या असलेल्या येशूला आधी माळीच समजले. त्याने नावाने हाक मारली तेव्हा तिला ओळख पटली. त्या काळच्या यहुदी समाजात बाईची साक्ष न्यायसभेत सहसा धरली जात नसे. लूक तर प्रांजळपणे सांगतो की प्रेषितांनासुद्धा त्या बायकांचे बोलणे वायफळ वाटले. पुढे इ. स. ५५च्या सुमारास संत पौलाने पत्रात साक्षीदारांची यादी दिली, तीत पेत्राचे नाव आहे, बारा जणांचा उल्लेख आहे, पाचशेहून अधिक बंधूंचाही आहे. या बायकांची नावे मात्र नाहीत. कादंबरीकार म्हणून मला वाटते, ही गोष्ट कोणी रचली असती तर त्याने असले दुबळे साक्षीदार खासच निवडले नसते. दरबारी वजन असलेला एखादा तालेवार शोधला असता.

ग्रीक भाषेत साक्षीदाराला ‘मार्तिस’ म्हणतात, आणि त्याच शब्दाला पुढे ‘हुतात्मा’ असा अर्थ आला. वसईकरांना हे भाषाशास्त्र शिकवावे लागत नाही, कारण त्यांचा एक गावकरी तसा होऊन गेला. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बाप आणि येथलीच आई यांचा मुलगा. जपानात त्याने व्यापार केला, तो सोडून मनिल्यात फ्रान्सिस्कन बंधू झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ साली रोममध्ये या सव्वीस जणांना संतपद मिळाले.

या हकीकतीचा उत्तरार्ध त्याहून विलक्षण आहे. १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. पुढची सुमारे अडीचशे वर्षे तेथे ना चर्च, ना घंटा. मग नागासाकीत ओउरा येथे परदेशी लोकांसाठी एक चर्च बांधले गेले. ते अर्पण केले होते त्याच सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोला आणि त्याच्या सोबत्यांना. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी त्या चर्चमध्ये आले. त्यांतली एक बाई फादर पेतिज्याँ यांच्या जवळ सरकली आणि कानात कुजबुजली की तुमचे आणि आमचे मन एकच आहे. आणि मेरीमातेची मूर्ती कुठे आहे, असे तिने विचारले. सात-आठ पिढ्या त्यांनी घरातल्या घरात लेकरांना स्नानसंस्कार दिला होता, सणांच्या तिथी मोजल्या होत्या, प्रार्थना तोंडी जपल्या होत्या. येथेही पहिला शब्द बोलली ती बाईच!

वसईत असे छळाचे दिवस आले नाहीत, हे मी पुन्हा सांगतो. जपानची आणि वसईची तुलना दुःखापुरती करू नये. पण घंटा नसताना साक्ष कशी टिकते, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी सारखेच सापडते. एका तोंडाने दुसऱ्या कानाला सांगावे लागते.

त्या मुलीचे घर शाळेपासून जवळच होते. दारात बावखल, त्याच्या काठाने नारळी, मागे केळीची बाग. तिची आजी तेव्हा पंचाहत्तरीला आलेली, लाल लुगडे नेसणारी, पोरासोरांवर जरब असलेली. मी अधूनमधून तिच्याकडे जाऊन बसू लागलो. जुन्या गोष्टी विचारल्या की ती आधी म्हणे, “आम्हाला काय ठाऊक, गुरुजी, आम्ही अडाणी,” आणि मग तासभर बोले.

तिच्याकडूनच मला कळले की पवित्र आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी वाजलेल्या घंटा एकदम ईस्टरलाच पुन्हा वाजतात. मधल्या वेळात लाकडाचा खटखटाट करून लोकांना बोलावतात. ती म्हणाली, “माझ्या लहानपणी शनिवारी सकाळीच घंटा वाजायच्या. ऊन्ह पडलेलं असायचं. सगळं लॅटिनमध्ये. आम्हाला लॅटिन कळत नव्हतं, पण घंटा कळायची. घंटा झाली की आय म्हणायची, उठला गं तो!”

तिची आठवण अगदी बरोबर होती. ईस्टरचा जागर मुळात रात्रीचा. पण कित्येक शतके तो सरकत सरकत शनिवारच्या सकाळवर येऊन बसला होता. भर उन्हात मेणबत्ती पेटवून धर्मगुरू त्या पवित्र रात्रीचे गुणगान गात! पोप बारावे पायस यांनी १९५१ साली हा विधी प्रायोगिक म्हणून रात्री करण्यास मोकळीक दिली आणि १९५६ पासून तो सर्वत्र रात्रीच होऊ लागला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला दार उघडले आणि मिस्सा मराठीत आली.

खरे तर पुनरुत्थानाची गोष्ट मराठीत सांगण्याचे काम त्याआधी साडेतीनशे वर्षे एका इंग्रजाने केले होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला, आमची भाषा शिकला, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. जुनी पुराणे दुरावलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत, आपल्या ओवीत काहीतरी हवे होते. ते त्याने ओळखले. चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी ते वाचले जाई. पण १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. राज्य ख्रिस्ती, आणि ख्रिस्ताची गोष्ट सांगणारी भाषाच त्याला नकोशी! ते राज्य गेले; मराठी राहिली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून हे पुराण देवनागरीत आणले. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ते वसईचेच.

त्या जानेवारीत मी शाळेची सहल हट्टाने वाईला नेली. मेणवलीच्या घाटावर पोरे उड्या मारत उतरली. ती मुलगी मात्र घंटेपाशी थबकली. तिने आकडा वाचला, मग त्या आकृतीवर बोट ठेवले. “गुरुजी, ही मेरीमाता आहे. हा बाळ येशू.” माझ्या आजोबांपासून माझ्यापर्यंत तीन पिढ्यांनी त्या घंटेला हात लावला होता, तिला ओळखले या पोरीने. तिने खाली वाकून घंटेच्या पोटात पाहिले आणि म्हणाली, “ही आमच्याकडे असती तर ईस्टरला वाजली असती.” जरा थांबून पुन्हा म्हणाली, “पण इथं रोज वाजते ना?” मी मान हलवली.

एप्रिलमध्ये आजीचा निरोप आला, “गुरुजींना म्हणावं, जागराला या.” २००४ सालच्या १० एप्रिलची ती रात्र. चर्चच्या अंगणात अंधार. सगळे गाव उभे. मधोमध नवा अग्नी चेतवला गेला. त्यावर मोठी मेणबत्ती पेटली. तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले होते. ती धरून धर्मगुरू काळोख्या चर्चमध्ये शिरले. तीनदा थांबून त्यांनी ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा केली, तीनदा लोकांनी देवाचे आभार मानले. मग त्या एका ज्योतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशा शेकडो ज्योती बाकांबाकांतून मागे येऊ लागल्या. मी सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून उभा होतो. माझ्याही हातात आजीने एक मेणबत्ती दिली होती. ती मुलगी माझ्याकडे वळली. मी मेणबत्ती ताठ धरून उभा. आजी कुजबुजली, “गुरुजी, पेटलेली सरळ ठेवायची, तुमची वाकवा.”

मी वाकवली.

पुढे वाचने झाली, मग एकदम ग्लोरिया सुरू झाली आणि वर मनोऱ्यात घंटा वाजू लागल्या. शेजारी आजीचे ओठ हलत होते. नंतर सगळ्या गावाने आपल्या स्नानसंस्काराची वचने पुन्हा उच्चारली. धर्मगुरू विचारीत, लोक उत्तर देत. म्हातारे, पोरे, कोळणी, बागाईतदार. लेकरू असताना ज्यांच्यासाठी दुसऱ्यांनी उत्तर दिले होते, ते सगळे आता स्वतःच्या तोंडाने साक्ष देत होते. तो विश्वास माझा नाही. मी वारकऱ्यांच्या घरातला. पण वर्षभर शोधत होतो ते उत्तर माझ्या कानांवर पडत होते.

मी घरी येऊन पंचांगाच्या गणिताने मागची साले मोजत बसलो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. १७३९ साली तो २९ मार्चला आला होता. म्हणजे किल्ल्याला मोर्चे लागलेले, आणि बाहेरच्या गावांत मराठ्यांची ठाणी बसलेली. त्या रविवारी या गावांतून घंटा वाजल्या की नाहीत, कोण सांगणार? पण कोणीतरी आय आपल्या लेकराला म्हणालीच असेल, उठला रे तो! ती म्हणाली नसती, तर त्या रात्री ते चर्च भरले नसते.

सुटी संपण्याआधी ती मुलगी भेटली तेव्हा मी तिला म्हणालो, “तू विचारलं होतंस ना, तुझे खापरपणजोबा जिंकले का हरले? चिमाजी अप्पा लढाई जिंकले, पोर्तुगीज हरले. तुझे खापरपणजोबा घरी राहिले. बागेला पाणी घातलं, आणि सण केला.”

तिने थोडा विचार केला. मग म्हणाली, “म्हणजे दोन्ही नाही?”

“दोन्ही नाही. ते राहिले. म्हणून तू आहेस.”

ती हसली आणि धावत गेली. तेव्हापासून दर वर्षी १७३९चा धडा मी शिकवतो तो तसाच खडूची धूळ उडवून; विजयाचा अभिमान कमी करण्याचे मला कारण नाही. मात्र शेवटी फळ्यावरच्या किल्ल्याबाहेर मी चार झोपड्या काढतो, एक विहीर काढतो, आणि त्यांपैकी एका झोपडीत एक दिवा लावतो. पोरे विचारतात, “गुरुजी, हे कोण?” मी म्हणतो, “हे तुम्ही.”